रुपालीची दुसरी किडनी

"दोन्ही किडन्या फर्स्ट क्लास," सोनोग्राफीवाले डॉ. शिंदे म्हणाले आणि मुलीच्या हातात जेल पुसायला कापूस दिला.

मी दारातच होते. "किती म्हणालात?"

"दोन. सगळ्यांना असतात तेवढ्याच."

"हिला एकच आहे."

शिंद्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग मशीनकडं. त्यांना चिडायला फार वेळ लागत नसे. त्यांनी मुलीला परत आडवं केलं, कुशीवर वळवलं, प्रोब डाव्या बाजूला टेकवला आणि स्क्रीन माझ्याकडं फिरवली. "ही बघा डावी. आता ही काय मी घरून आणून ठेवली?"

किडनी होती. चांगली गुटगुटीत होती. पंचाईत एवढीच, की रुपालीची डावी किडनी ती चार वर्षांची असताना मुंबईत काढून टाकलेली होती. आणि किडनी काही पुन्हा उगवत नाही.

मी पुढं होऊन मुलीचं पोट पाहिलं. तसल्या ऑपरेशनचा वण बरगडीखालून आडवा बेंबीच्या पलीकडं जातो आणि जन्मभर राहतो. हे पोट गुळगुळीत होतं. मुलगी छताच्या पंख्याकडं टक लावून बघत होती. पंखा बंद होता.

"शिंदे, पाच मिनिटं बाहेर थांबता?" मी म्हणाले.

ते गेले. मी स्टूल ओढून बसले. "तुझं नाव काय?"

"रुपाली."

"खरं नाव."

तिचा चेहरा कोसळला. "दिपाली. मी धाकटी. आई म्हटली, नुसतं झोपायचं आन् यायचं."

इथं थोडं थांबून सांगायला हवं. (नावं अर्थातच बदलली आहेत.)

मी बालरोगतज्ज्ञ. कोल्हापुरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नोकरीला होते. दोन हजारनंतरच्या दशकात आमच्या गच्चीवर एक मोठी डिश बसली आणि तळमजल्यावरच्या जुन्या स्टोअररूमला 'टेलिमेडिसिन सेंटर' अशी पाटी लागली. टेलिमेडिसिन म्हणजे पेशंट इथं, स्पेशालिस्ट तिकडं आणि मधे टीव्ही. तपासण्या आम्ही इथं करायच्या, रिपोर्ट आधी पाठवायचे, आणि ठरलेल्या दुपारी मुंबईच्या कॅन्सर हॉस्पिटलातले डॉक्टर टीव्हीवर येऊन पेशंटशी बोलायचे. पेशंट टीव्हीला हात जोडायचे. म्हातारी माणसं मुंबई लांब आहे म्हणून ओरडून बोलायची. आवाज उशिरा पोचायचा, त्यामुळं दोन्हीकडची माणसं एकदम बोलायची आणि एकदम गप्प बसायची. चित्र दाणेदार असायचं. समोर माणूस बसलाय एवढं नक्की कळायचं.

माझ्याकडं त्यातलं एक काम होतं: लहानपणी कॅन्सर होऊन बरी झालेल्या मुलांचा फॉलोअप. बरी झालेली म्हणजे खरोखर बरी झालेली. मग त्यांना परत कशाला बोलवायचं, हा प्रश्न मला रोज कोणीतरी विचारायचं. उत्तर असं, की कॅन्सर गेला तरी त्याचे उपचार शरीरात आपली खूण ठेवून जातात. ती खूण कधी कधी पंधरा-वीस वर्षांनी वर येते. आम्ही त्याला लेट इफेक्ट म्हणतो. रुपालीला झाला होता विल्म्स ट्यूमर, म्हणजे लहान मुलांच्या किडनीत होणारा कॅन्सर. किडनी काढली, त्या बाजूला रेडिएशन म्हणजे शेक दिला, आणि सलाईनमधून एक लाल रंगाचं औषध दिलं. ते औषध मोठं गुणाचं. त्यानं हजारो मुलं वाचवली. पण ते हृदयाच्या स्नायूला थोडं कमजोर करून जातं. मूल धावतं, खेळतं, कोणाला काही कळत नाही. म्हणून अधूनमधून इको करायचा, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि पंप किती जोरात चालतोय ते बघायचं.

रुपाली वयात आली त्या सुमारास तिचं मुंबईला जाणं बंद झालं. मुंबईचे सर तिची आठवण काढून मला फोन करायला लावत. मी शेजाऱ्यांच्या फोनवर फोन करायची. आई म्हणायची, आणते. बरीच वर्षं अशी गेली, आणि एकदाची तिनं 'रुपाली' आणली.

आई बाहेर बाकावर पदर घट्ट धरून बसली होती. शालन तिचं नाव. राहायला उचगावात, कोल्हापूरला लागूनच. मी तिला आत घेतलं, दार लावलं.

"शालनताई, ही दिपाली आहे."

तिनं नाकारलं नाही. "आता काय सांगू मॅडम तुमाला. नवस फेडलाय आमी. दत्ताच्या वाडीला जाऊन, नदीत उभं ऱ्हाऊन देवाला सांगितलंय, ह्या दुखण्याचं नाव पुन्यांदा ह्या तोंडातनं काढणार न्हाय. नाव काढलं की ते परत येतंय."

"मग हिला का आणलंत?"

"तुमचं फोन थांबंनात. शेजारीण इचारती, हॉस्पिटलातनं कशापायी फोन येतोय म्हणून. म्हटलं, एकडाव तपासू दे. तुमचं समाधान व्हईल, आमची बी सुटका. दोघी एकाच पोटच्या. रक्त एकच की."

इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी खोटे पत्ते पाहिले, खोटी वयं पाहिली. बदली पेशंट पहिल्यांदाच बघत होते. राग आला होता, आणि खरं सांगायचं तर हसूही येत होतं.

"रुपाली कुठं आहे?"

"तिच्या सासरला. गगनबावड्याकडं."

"लग्न झालं? सासरच्यांना माहीत आहे?"

कोपऱ्यातून दिपाली म्हणाली, "आई, सांग की. ताईला दिवस गेल्यात."

माझं हसू जागच्या जागी गेलं. "कितवा?"

"पाचवा लागंल आता," शालनताई म्हणाली.

बाईला दिवस गेले की तिच्या अंगातलं रक्त वाढतं. पाचव्या महिन्यापासून हृदयाला रोज जादा ओझं ओढावं लागतं. धडधाकट हृदय ते ओढतं. लाल औषधानं कमजोर झालेलं हृदय घरकामाला, डोक्यावरच्या घागरीला पुरून उरतं आणि नेमकं बाळंतपणात दगा देतं. त्यात हिला किडनी एकच, म्हणजे ब्लडप्रेशर वाढायची भीती. पोटाला शेक दिलेला, म्हणजे बाळ आधीच यायची भीती.

"बाळंतपण कुठं करणार होतात?"

"माहेरीच की, पहिलं हाय. आमच्या गल्लीच्या तोंडाला डॉक्टरीणबाईंचा दवाखाना हाय. ह्या दोघी तितंच झाल्या."

"आणि पोटावरचा वण? सासरी काय सांगितलंय?"

"आतड्याला पीळ पडलाता म्हणून."

तेवढ्यात टेक्निशियननं दार वाजवलं. मुंबई लाइनवर आली होती.

मी एकटीच कॅमेऱ्यासमोर जाऊन बसले. टीव्हीत मुंबईचे सर समोर फाइल उघडून तयार. "काय मॅडम, पेशंट कुठं आहे?"

"सर, पेशंट आलेली नाही. तिची बहीण आली आहे. तिच्या नावावर."

आवाज मुंबईला पोचला, तिथं थांबला, परत आला. "म्हणजे मी कोणाची फाइल उघडून बसलोय?"

मी सगळं सांगितलं. दिवस गेलेत म्हटल्यावर त्यांनी फाइल बंद केली आणि चष्मा काढला. "मला तिचा इको पाहिजे. याच आठवड्यात. आणि ती छोट्या दवाखान्यात बाळंत होता कामा नये. कसं करायचं ते तुम्ही बघा. मी टीव्हीत आहे, मला तिथून बाहेर येता येत नाही."

आमचे सुपरिटेंडेंट साहेब वेगळ्या मताचे होते. माणूस सज्जन, पण त्यांना लफडी नको असत. ते म्हणाले, "मॅडम, आपण बोलावलं, ती आली नाही. लॉस्ट टू फॉलोअप लिहा आणि मोकळ्या व्हा." पेशंटचा पत्ता लागत नाही, संपर्क तुटला, की आम्ही असं लिहितो.

"साहेब, पत्ता लागलाय. एसटीनं दोन तासांवर आहे."

"मग नवऱ्याला फोन करून सांगून टाका. एक घाव दोन तुकडे."

"नवरा माझा पेशंट नाही. आईच्या नवसापायी तिलाच अजून माहीत नाही, आणि मी नवऱ्याला सांगू?"

"मग करणार काय?"

"तिला आणणार."

ते हात वर करून म्हणाले, "हॉस्पिटलचं नाव कशात यायला नको." ही त्यांची परवानगी होती. मी ती तशीच धरली.

शालनताई अजून बसून होती. मी समजावलं, रागावले, हृदयाचं चित्र काढून दाखवलं. ती मान हलवायची आणि पुन्हा तिथंच यायची: देवाला शब्द दिलाय, नाव काढलं तर पोरगी जाईल. तिला वेडी म्हणणं सोपं होतं. पण मुंबईच्या धर्मशाळेत तिनं काय काय पाहिलं होतं ते मला ठाऊक होतं. शेजारच्या खाटांवरची मुलं गेली आणि तिची राहिली. तिच्या हिशेबात तो शब्द दिला म्हणूनच राहिली.

आमचं घर बौद्ध. नवस हा प्रकार मला पेशंटांनीच शिकवला. त्यात एक कळलं होतं, की नवसाशी भांडून काही मिळत नाही.

"बरं," मी म्हणाले. "तुम्ही नाव काढू नका. अजिबात काढू नका. मी काढते. शब्द तुम्ही दिलाय, मी नाही. तुमच्या देवाशी माझं कधी बोलणंच झालेलं नाही."

तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "तुमाला बाधणार न्हाय?"

"मला नाही बाधत."

"आणि रूपाला?"

"तिला इको न केल्यानं बाधेल. तुम्ही तिला फक्त इथं आणा. दारापर्यंत तुम्ही, आत मी."

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "चोरओटी ऱ्हायलीया. त्या निमतानं आणता येतंय." चोरओटी म्हणजे डोहाळजेवणाच्या आधी, गाजावाजा न करता, घरच्या घरी भरायची ओटी. मी म्हटलं, लागा कामाला. आणि दिपालीला म्हटलं, तू आता कोणाच्या नावानं कुठं झोपू नकोस.

चोरओटीला माणसं बेताची असतात अशी माझी समजूत होती. त्या आठवड्यात हॉस्पिटलच्या दारात वडापची, म्हणजे सीटवर प्रवासी घेणारी, जीप थांबली. आधी शालनताई उतरली, तिचा चेहरा पांढराफटक. मग रुपाली. तिच्यामागं हातात पिशवी घेतलेली एक उंच, काळीसावळी, ठसठशीत कुंकवाची बाई, म्हणजे सासू. आणि मागून नवरा सागर, दूध संस्थेत नोकरीला असलेला.

"येतोच म्हटल्या," शालनताई माझ्या कानात म्हणाली. "न्हाय कसं म्हणायचं?"

सासूबाईंनी येताच मला विचारलं, "सगळं बरं हाय न्हवं? मग एवढ्या मोठ्या दवाखान्यात कशापायी?"

"पहिल्या खेपेला एकदा सगळं तपासलेलं बरं," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं. "आत फक्त पेशंटला सोडतात."

"सून आमची. आमी गप बसतो की कोपऱ्यात."

"बाहेर बसा. गप बसायची गरज नाही."

इकोच्या खोलीचं दार मी आतून लावलं. रुपाली टेबलावर पाय सोडून बसली. बारीक अंगकाठी, हिरव्या बांगड्या, डोळे हुशार.

"लहानपणी तुला काय झालं होतं?" मी विचारलं.

"आतड्याला पीळ."

"ते आई सांगते. तुला काय आठवतं?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मी कुठल्या बाजूची आहे ते ती ठरवत असावी. "मुंबई आठवती. लाल सलाईन. केस समदं गेलंतं. शेजारच्या खाटंवर एक पोरगी असायची, एक दिवस नव्हतीच." मग म्हणाली, "आईला एकदा इचारलंतं. तिनं तोंडावर हात ठेवला. माझ्या न्हवं, तिच्या."

मी तिला सांगितलं. आडवळणानं सांगितलं नाही. कॅन्सर हा शब्द उच्चारला. कुठली किडनी, कुठलं औषध, का बोलावलं, सगळं.

"म्हंजे गेला न्हवं तो?"

"गेला. कधीच गेला. त्या औषधानं हृदय थोडं कमजोर झालं असेल, ते बघायचंय."

"आन् बाळाला?"

"तुझ्या प्रकारात तो आईकडून बाळाला सहसा जात नाही. तरी बाळ झालं की आपण तपासू."

ती मान खाली घालून बांगड्या मागं-पुढं करत राहिली. मग एकदम म्हणाली, "दिपीला झोपवलंतं व्हय माझ्या जागी?" आणि हसली. हसता हसता रडायला लागली. मी पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

आमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी इको केला. पंप कमजोर होता. आज काही होईल असा नव्हता, पण पुढच्या महिन्यांचं ओझं ओढेल याची खात्री द्यावी असाही नव्हता. ब्लडप्रेशरही वरच्या अंगाला. मुंबई लाइनवर यायला थोडा वेळ होता.

"आता टीव्हीवर मुंबईचे डॉक्टर येतील," मी रुपालीला म्हटलं. "तुझ्यासोबत कोणी असावं का नसावं, ते तू सांग. कोणी नको म्हणालीस तर कोणी येणार नाही."

"सगळ्यास्नी बलवा."

"विचार कर. एकदा बोललं की परत घेता येत नाही."

"मॅडम," ती म्हणाली, "उद्या तिकडं दम लागून पडले तर मला उचलणार कोण? आत्तीच की. तिला म्हाईत नको?"

आत्ती म्हणजे सासू. मला जे सांगायला पान-दोन पानं लागली असती, ते तिनं एका वाक्यात संपवलं होतं.

सगळे आले. खुर्च्या कमी पडल्या. सागर भिंतीला टेकून उभा राहिला. टीव्हीत सर दिसले, नमस्कार झाले. सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला. मी रुपालीकडं बघितलं, तिनं मान हलवली. शालनताईनं डोळे मिटले होते आणि ओठ घट्ट आवळले होते. मी सांगायला सुरुवात केली. लहानपणी कॅन्सर झाला होता, तो पूर्ण बरा झाला, आता प्रश्न कॅन्सरचा नाही, हृदयाचा आहे.

"बरोबर आहे," टीव्हीतून सर म्हणाले. "आता मी तुम्हाला सगळ्यांना एक..." आणि चित्र थिजलं. सर अर्धवट तोंड उघडून, एक बोट वर करून तसेच राहिले. आवाज गेला. टेक्निशियन गच्चीकडं पळाला.

वर डिशला कोणीतरी हलवत असल्याचा आवाज येत होता. सागर दार उघडून निघून गेला. रुपालीनं त्याच्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. तिची नजर सासूवर होती.

सासूबाईंनी पदर खाली घेतला. "विहीणबाई," त्या म्हणाल्या, "आदी सांगितलं असतंसा तर आमी हे लगीन केलं नसतं."

शालनताईनं डोळे उघडले.

"खोटं कशाला बोलू? न्हाय केलं असतं. तुमाला बी म्हाईत हाय, म्हणून तर गप बसलासा." त्यांनी एक मोठा श्वास घेतला. "खरं आता ती आमची हाय. तवा आता पुढचं बोला."

कोल्हापुरात 'खरं' हा शब्द 'पण' या अर्थीही वापरतात. त्या दिवशी मला तो दोन्ही अर्थांनी पटला. मुलीकडची माणसं असली कबुली कधी विसरत नाहीत, आणि शालनताई विसरली नाही. पण मला त्या बाईचा तो रोखठोकपणा आवडला. गोड बोलणाऱ्या दहा नातेवाइकांपेक्षा मला पेशंटसोबत अशी एक बाई पुरते.

टीव्ही जिवंत झाला. सरांचं बोट खाली आलं. सासूबाईंनी त्यांना बोलू दिलंच नाही. "ओ डाक्टर! ही जगंल का न्हाय तेवढं आदी सांगा!"

आवाज गेला, पोचला, आला. "जगेल. पण माझं ऐकावं लागेल."

"सांगा."

सरांनी सांगितलं. औषधं कुठली. मीठ कमी. घागरी, ओझी बंद. पावसाळ्यात घाटाकडचा रस्ता बंद पडतो, म्हणून पावसाआधीच उचगावला यायचं. बाळंतपण कोल्हापुरात, मोठ्या हॉस्पिटलात, हृदयाचे डॉक्टर हजर असताना. दर महिन्याला इथं या टीव्हीसमोर. सासूबाई प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणत होत्या, आणि त्यांचं "बरं" बाहेरच्या पॅसेजपर्यंत ऐकू येत होतं.

सागर पार्किंगमध्ये जीपच्या चाकाशी उकिडवा बसला होता. मी प्रिस्क्रिप्शन घेऊन गेले. त्यानं वर न बघता विचारलं, "मला का सांगितलं न्हाय?"

"तिला स्वतःलाच आज कळलंय. अर्ध्या तासापूर्वी."

ते त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मग त्यानं कागद घेतला, उलटसुलट केला. "ह्या गोळ्या तिकडं मिळत्यात काय?" शालनताईशी तो पुढं कितीतरी महिने बोलला नाही. पण गोळ्या कधी चुकल्या नाहीत.

मेअखेरीस रुपाली उचगावला आली. दर आठवड्याला सासूबाई एसटीनं यायच्या आणि विहिणीच्या स्वयंपाकातलं मीठ चाखून बघायच्या. दोन विहिणींची त्यावरून जुंपायची, आणि रुपाली मला टीव्हीच्या खोलीत त्याची नक्कल करून दाखवायची. कोल्हापुरात जन्मून अळणी रस्सा खायचा म्हणजे काय शिक्षा असते, हे तिनं मुंबईच्या सरांनाही सुनावलं. ते म्हणाले, माझ्याकडून माफी, मीठ नाही.

आठव्या महिन्यात ब्लडप्रेशर चढायला लागलं. गोळ्या वाढवल्या, तरी चढतच राहिलं. आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाई, हृदयरोगतज्ज्ञ, टीव्हीतले सर आणि मी असे चौघं बोललो आणि बाळाला बाहेर काढायचं ठरवलं. सुपरिटेंडेंट साहेबांनी आयसीयूची खाट स्वतः अडवून ठेवली. मुलगी झाली. मुठीएवढी. ती सरळ माझ्या ताब्यात आली, काचेच्या पेटीत.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. बाळंतपण उरकलं की लोक निश्चिंत होतात. पण कमजोर हृदयाला तेच दिवस जास्त धोक्याचे, कारण गर्भाशयाकडचं रक्त एकदम परत हृदयाकडं येतं. रुपालीला धाप लागली. आडवं होता येईना. ओठ काळसर पडले, छातीत पाणी झालं. तिला काय होतंय हे ओळखायला आम्हाला एक मिनिटसुद्धा लागलं नाही, कारण आम्ही त्याचीच वाट बघत होतो. औषधं भरलेली होती, ऑक्सिजन लावलेला होता, हृदयरोगतज्ज्ञ त्याच मजल्यावर होते. संध्याकाळपर्यंत तिची धाप ओसरली. ती उशीला टेकून झोपली. मी पेटीतल्या मुलीला बघायला गेले, आणि तिथं नर्सला पाठ करून डोळे पुसले.

गल्लीच्या तोंडाच्या दवाखान्यात ती वाचली नसती. हे मी त्या बाईंना नावं ठेवायला म्हणत नाही. चांगल्या डॉक्टर होत्या त्या. पण समोरच्या बाळंतिणीचं हृदय लाल औषधानं कमजोर झालंय, हे त्यांना कोणी सांगितलंच नसतं. त्यांना वाटलं असतं थकवा आहे, आणि थकवा म्हणून त्यांनी दुसरं सलाईन लावलं असतं. छातीत पाणी झालेल्या बाईला आणखी पाणी.

मुलीचं वजन भरलं, तपासणीत काही निघालं नाही, आणि रुपाली तिला घेऊन गगनबावड्याला परत गेली. हृदयाच्या गोळ्या तिला चालूच राहिल्या. दुसऱ्या मुलाचा विचार करू नका असं सरांनी सांगितलं, तेव्हा सासूबाईंचा चेहरा पडला, पण "बरं" आलंच. रुपाली टीव्हीसमोर वेळेवर येत राहिली, स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या नावानं.

मी त्यानंतर कामाची पद्धत बदलली. फॉलोअपचं मूल मोठं झालं, सोळा-सतरा वर्षांचं झालं, की आई-वडिलांना बाहेर बसवायचं. मुलाला एकट्याला आत घेऊन त्याच्या आजाराचं नाव सांगायचं. कुठली औषधं मिळाली, कुठं शेक दिला, पुढं कशाला जपायचं, सगळं सांगायचं आणि त्याच्याकडून म्हणून घ्यायचं. आया चिडतात. एकीनं माझ्या तोंडावर बोटं मोडली होती. एका वडिलांनी ट्रस्टींकडं तक्रार केली. मोडू देत, करू देत. आईचं प्रेम मी बघितलेलं आहे आणि ते खोटं नसतं. पण मुलीच्या बाळंतपणात धाप तिच्या आईला लागत नाही.